हिरवी रेघ आणि अक्कांचा पाव तास

देवघराशेजारी निर्माल्याची परडी असते, तसे किस्से साठत जातात. रोज चार फुले, दोन बेलाची पाने. त्या दिवशी परडी रिकामीच वाटते. आठवड्याने उचलायला जावे तर दोन्ही हात लागतात. जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या भजनी मंडळाची परडी गेल्या वर्षभरात अशीच भरली, आणि तिच्यातले एकही फूल मी आनंदाने वेचलेले नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला अजून राग आहे. राग आवरावा असे संतांनी सांगितले आहे, मान्य आहे. पण संतांच्या घरी संगणक नव्हता.

मंडळ लहान आहे. पेटीवर सुमनवहिनी, आमच्या शेजारीण. तबल्यावर दिगंबरराव, ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, आणि म्हणून तार जोडलेली प्रत्येक वस्तू आपल्याला कळते अशी त्यांची श्रद्धा आहे. मी शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले, त्यामुळे पाठांतर आणि वाद ही दोन्ही खाती माझ्याकडे. या सर्वांच्या वर अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. वय शहाऐंशी.

मराठ्यांच्या चाकरीत जी घरे जबलपूरला आली आणि इथलीच होऊन राहिली, त्यांतले आमचे एक. काकड्याच्या शेवटच्या पदाची एक चाल आमच्या घरात सासूकडून सुनेकडे येत राहिली, आणि आज ती केवळ अक्कांजवळ आहे. त्यांचा गळा गेला, पण कान जसाच्या तसा आहे. पूर्वी भजनात कोणी चुकले तर अक्का त्या बाईकडे पाहतही नसत. हातातले टाळ मांडीवर ठेवीत आणि म्हणत, “हिला गुरुवारी माझ्याकडे पाठवा.” या एका वाक्याने चेरीतालच्या किती सुनांना बुधवारी अचानक ताप आला, त्याची गणती नाही.

दोन वर्षांपासून अक्कांना विस्मरण जडले आहे. दिवसभर त्या दुसऱ्याच कुठल्या गावी, दुसऱ्याच वयात असतात. मात्र सकाळी स्नान झाले, कपाळी गंध लागले, की पाव तास त्या पूर्णपणे आमच्या असतात. अशाच एका सकाळी त्या स्पष्ट म्हणाल्या, “शेवटच्या पदात तुम्ही दोन ठिकाणी चुकता. माझी जुनी कॅसेट लावा. मी बोटाने दाखवते.”

कॅसेटींना केव्हाच बुरशी लागलेली. पण त्यापूर्वी दिगंबररावांनी त्या सगळ्या आमच्या घरच्या संगणकात उतरवून ‘भजन’ नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. ते फोल्डर उघडायला सांगितले की वरच्या पट्टीत एक हिरवी रेघ निघते आणि मुंगीच्या पावलाने उजवीकडे सरकते. ती टोकाला पोचेपर्यंत लागणारा वेळ मी देवघरातल्या घड्याळावर मोजला आहे.

पाव तास.

*

एवढे त्या फोल्डरमध्ये होते तरी काय? तर देव.

सुमनवहिनींच्या बहीणबाई सिहोऱ्याला असतात. त्या रोज पहाटे फोनवर देवाचे चित्र पाठवतात. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, आणि सणावारी तर पूर्ण पंचायतन. सुमनवहिनी त्यांतले एकही पुसत नाहीत. एके दिवशी त्यांचा फोन भरून बंद पडला, तेव्हा दिगंबररावांनी तो आमच्या संगणकाला जोडला आणि सगळी चित्रे थेट ‘भजन’मध्ये ओतली. बावीस हजार. आमच्या भजनांची तीनशे ध्वनिमुद्रणे त्यांच्या तळाशी गेली.

मी विचारले, “हे इथे का ओतले?”

“ताई, ते देवाचं, हे पण देवाचं. एकाच घरात राहू द्या ना, क्या फ़र्क पड़ता है.”

“सत्यनारायणाच्या पाटावर तुम्ही पाहुण्यांच्या चपला ठेवाल का?”

“पण ताई, या चपला कुठे आहेत? देवच आहेत.”

माझ्या रागाचे मूळ तिथे आहे.

*

पहिल्या सकाळचे सांगते. अक्का गंध लावून खुर्चीत बसल्या. उजव्या हाताचे बोट तयार. मी फोल्डर उघडायला सांगितले आणि हिरवी रेघ निघाली.

“लागली का?” अक्कांनी विचारले.

“लागते आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा, “लागली का गं?”

“लागेल आता.”

रेघ मध्यावर आली. तीन-चतुर्थांश आली. अक्कांचे बोट हळूहळू खाली गेले. मग त्यांनी माझ्या पदराचे टोक धरले आणि विचारले, “आई, शाळेची घंटा झाली का?”

त्या दिवशी रेघ टोकाला पोचली तेव्हा अक्का आठ वर्षांच्या होत्या.

कोणी म्हणेल, आधीच उघडून ठेवायचे होते. ठेवले. तासभर आधी, पहाटेच उठून ठेवले. परंतु मुद्रणे तळाशी, आणि खाली सरकायला लागले की यंत्र पुन्हा पहिल्यापासून चित्रे रंगवायला बसे. शिवाय दिगंबररावांनी मुद्रणांना नावे न देता आकडे दिलेले. कोणत्या आकड्यात ती चाल आहे, हे ऐकून अक्काच सांगणार, आणि अक्का येणार त्या पाव तासापुरत्या. यंत्राला माणसाच्या वेळेची किंमत नसते, हे मी समजू शकते. पण माणसांनी तरी अशा यंत्रापुढे हात जोडून का बसावे? आम्ही बसलो. रोज बसलो.

*

शेवटी बाजारातून एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. तिशी-पस्तिशीचा, मोठ्या लगबगीचा मनुष्य. त्याने रेघ पाहिली, मान हलवली आणि यंत्राला हात न लावताच निकाल दिला, “अम्माजी, मशीन बूढ़ी हो गई है। अब इसमें जान नहीं। नई ले लीजिए।”

माझा संताप झाला. आमच्या घरी पितळी समई तीन पिढ्यांची आहे, पेटीचा भाता चार वेळा शिवलेला आहे, आणि हा गृहस्थ एका रेघेवरून जीव गेल्याचा दाखला देतो. मी काही बोलणार एवढ्यात मागून आवाज आला. त्याचे दुर्दैव असे की तो नेमका अक्कांच्या पाव तासात आला होता.

“क्यों भैया, बूढ़ी हो गई तो बदल देते हो क्या? फिर पहले मेरा नंबर लगाओ।”

तो त्यांच्या पाया पडला आणि निघून गेला. त्याच्या हातातला पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आमच्याकडेच राहिला.

*

मग मंडळाने बसून ठराव केला, की चित्रे काढून टाकायची. ठराव एकमताने झाला. प्रश्न फक्त कळ दाबण्याचा होता.

दिगंबररावांनी चित्रे निवडली. यंत्राने विचारले, काढू का? त्यांचे बोट कळीवर आले आणि थांबले. पडद्यावर सर्वांत वर गणपती होता.

“ताई, आज चतुर्थी आहे हो.”

पुढच्या वेळी एकादशी निघाली. नंतर दत्ताचा वार, त्यानंतर देवीचा. आठवड्यात देव नसलेला वार आम्हाला सापडला नाही.

मी सुमनवहिनींना म्हटले, “चित्रे तुमची, तुम्ही दाबा.”

“मी काहून दाबू? बहीण माझी एवढ्या प्रेमानं पाठवून राहिली, अन् मी पुसून टाकू? उद्या तिनं विचारलं तर?”

“ती कशाला विचारेल?”

“देव विचारीन ना.”

पेचकस न्यायला दुरुस्तीवाला आला होता. त्याला सांगितले, बाबा, तू तिऱ्हाईत आहेस, तू दाब. त्याने पडद्याकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरला. “हमसे न होगा, अम्माजी। ऊपर हनुमानजी बैठे हैं।”

मी तिघांनाही खडसावले. भक्ती म्हणजे भ्याडपणा नव्हे, चित्र म्हणजे देव नव्हे, संतांनी दगडाच्या देवालाही प्रश्न विचारले आहेत, असे सविस्तर सुनावले. मग पदर खोचून स्वतः खुर्चीत बसले, आणि कळीवर बोट ठेवले.

मीही दाबली नाही. हे लिहिताना मला सर्वांत अधिक राग कोणाचा येत असेल, हे वाचणाऱ्याने ओळखावे.

*

सुमनवहिनींकडे जुन्या दिनदर्शिकांचे एक पोते असते. देवाचे चित्र छापलेला कागद रद्दीत द्यायचा नाही, पोत्यात साठवायचा आणि वर्षातून एकदा तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत शिरवून, म्हणजे विसर्जित करून, यायचा, असा त्यांचा नेम. त्या पोत्यावरूनच त्यांना उपाय सुचला.

“चलो ताई, सगळे देव एका पेन ड्राइव्हमध्ये भरू, अन् तिलवाऱ्याला शिरवून येऊ.”

माझा आवाज चढला, तो मान्य करते. “सुमनवहिनी, नर्मदा माता आहे. तुमच्या माळ्यावरची अडगळ ठेवायची ती जागा नव्हे. आधीच घाटावर चकचकीत प्लास्टिकमधले देव पाण्यात तरंगताना पाहिले की मला आंघोळ करवत नाही.”

“मग मूर्ती नाही का शिरवत आपण?”

“मूर्ती मातीची. तिची माती होते. तुमच्या पेन ड्राइव्हचे काय होणार?”

दिगंबररावांनी तबल्याच्या गादीवरची पावडर शांतपणे झटकली.

“माशांना दर्शन होईल, ताई.”

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. भजनाला ठेका त्यांचाच असल्यामुळे तिसऱ्या दिवशी बोलावे लागले.

*

यानंतरचा उपाय माझा होता, आणि तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत वाईट ठरला. म्हणून तो लपवणे योग्य नव्हे.

गणपती विसर्जनाला नेण्यापूर्वी आपण उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतो. देवत्व निघून गेले असे मानतो, आणि मगच मूर्तीला पाणी दाखवतो. मी म्हटले, जे मूर्तीला लागू, ते चित्रालाही लागू. संगणकापुढे पाट मांडला. समई लावली. सुमनवहिनींनी हळद-कुंकू वाहिले, मी संकल्प सांगितला, आणि तिघांनी अक्षता टाकल्या. मग दोष एकावर येऊ नये म्हणून तिघांची तीन बोटे एकाच कळीवर ठेवून ती दाबली.

हिरवी रेघ सरकली. चित्रे गेली. दिगंबररावांनी हात जोडले. मी डोळे मिटून घेतले.

“ताई,” सुमनवहिनींनी पडद्याकडे बोट केले. “हे काय होऊन राहिलं?”

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा डबा असतो. तो आजवर रिकामा दिसे. आता तो चोळामोळा केलेल्या कागदांनी काठोकाठ भरला होता.

“देव कचऱ्याच्या डब्यात गेले, ताई.”

दिगंबरराव घाईने म्हणाले, “कचरा नाही हो, वहिनी, ते तर काढलेलं सामान ठेवायचं…” आणि अर्ध्यातच थांबले. सुमनवहिनींनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही बावीस हजार देव त्या डब्यातून सन्मानाने परत जागेवर आणले. रेघ पूर्ववत पाव तासाची झाली.

आठवड्याने काही कळा दाबल्या जाईनात. दुरुस्तीवाला आला, त्याने कळफलक उलटा करून थोपटला आणि बराच वेळ खाली पाहत राहिला.

“अम्माजी, इसमें से चावल निकला है।”

त्याने कळफलक पुन्हा एकदा थोपटला.

“हल्दी भी है।” मग त्याने अत्यंत आदराने विचारले, “किसकी शादी थी?”

*

कोजागिरीला चार दिवस उरले. आमच्याकडे कोजागिरीनंतरच्या पहाटेपासून काकडा सुरू होतो. यंदाही चुकीच्या चालीनेच देवाला उठवायचे, आणि पुढच्या वर्षी कदाचित सांगणारेही कोणी नसायचे, हा विचार मला सहन होईना. मी ठरवले, की आता कोणाला विचारायचे नाही. पोथी वाचतो तसे हे यंत्र वाचायचे. एकही ओळ न गाळता, अर्थ लागेपर्यंत.

फोल्डरवर नेऊन माउसची उजवी कळ दाबली. एक यादी उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली. सर्वांत शेवटी होते ‘प्रॉपर्टीज’. त्यात शिरले तर वर एका ओळीत कप्पे. पहिला वाचला, दुसरा वाचला. अखेरचा कप्पा होता ‘कस्टमाइज’. तिथे यंत्राने एक प्रश्न लिहिला होता, की हे फोल्डर कशासाठी सजवावे? आणि खाली उत्तरही आधीच लिहिलेले होते: चित्रांसाठी.

हे उत्तर कोणी दिले? आमच्यापैकी कोणीही नाही. यंत्रानेच आत डोकावून चित्रे अधिक आहेत असे पाहिले आणि परस्पर निर्णय केला. म्हणून प्रत्येक वेळी ते बावीस हजार देवांची बावीस हजार छोटी चित्रे रंगवत बसे, आणि ती होईपर्यंत कोणालाही आत घेत नसे. घरात मतदान झाले होते, अक्का पडल्या होत्या, आणि आम्हाला कोणी कळवलेही नव्हते. एवढ्यासाठी मी वर्षभर नर्मदेपासून उत्तरपूजेपर्यंत सगळे केले. राग येऊ नये तर काय यावे?

मी ते उत्तर बदलून ‘जनरल आयटम्स’ केले. आतल्या फोल्डरांनाही हेच लागू करावे असा एक चौकोन खाली होता, त्यावर खूण केली. चित्रांऐवजी नुसती नावांची यादी दिसावी असेही सांगितले.

सुमनवहिनी मागे उभ्या होत्या. “ताई, बावीस हजार देव, अन् तुम्ही जनरल लिहून राहिल्या?”

“देव सर्वांत आहे, हे सांगता सांगता संतांची आयुष्ये गेली. तो तुमच्या बहिणीच्या चित्रांतच विशेष आहे, असे कोणी सांगितले तुम्हाला?”

मी फोल्डर उघडायला सांगितले. हिरव्या रेघेला निघायलाही वेळ मिळाला नाही. एकदा नाम घ्यावे, तेवढ्यात समोर यादी.

दिगंबररावांना खरे वाटेना. त्यांनी ते बंद केले, उघडले, बंद केले, उघडले. सात वेळा. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “अच्छा. मी हेच सांगणार होतो, ताई.”

त्याच दुपारी तीनशे मुद्रणे निवडून एका वेगळ्या फोल्डरात ठेवली. बावीस हजार देव आपल्या जागी सुखरूप आहेत. सिहोऱ्याहून रोज एकाची भर पडते.

*

कोजागिरीची सकाळ. अक्कांचे स्नान झाले, मी गंध लावले. सुमनवहिनी पेटी उघडून बसल्या, दिगंबरराव वही घेऊन. मी पहिला आकडा लावला.

अक्कांनी क्षणभर ऐकून बोट झटकले. “हे नाही.”

दुसरा. “हे नाही.” तिसरा, चौथा. घड्याळाकडे मी पाहत होते, अक्का पाहत नव्हत्या.

नवव्या आकड्यावर एका बाईचा आवाज आला. चाळिशीतला असावा, भरलेला, न थरथरणारा. काकड्याचे शेवटचे पद. अक्कांचे बोट आपोआप वर गेले आणि आवाजाच्या पुढे पुढे चालू लागले. एके ठिकाणी ते डावीकडे झुकले. सुमनवहिनींनी तो स्वर पेटीवर शोधला, चुकला, पुन्हा शोधला. बोट हलले, म्हणजे सापडला. पुढे दुसऱ्या ठिकाणी बोट हवेतच थांबले, आणि आम्ही जिथे आजवर धावत होतो तिथे थांबायचे असते, हे आम्हा तिघांना पहिल्यांदा कळले. दिगंबररावांनी मात्रा मोजून वहीत खूण केली.

पाव तासातली दोन मिनिटे उरली होती. पद शेवटच्या कडव्यावर आले, आणि अक्कांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी ते संपेपर्यंत ऐकले.

“कोण ही बाई?”

दिगंबररावांनी वहीतून मान वर काढून आधी माझ्याकडे, मग अक्कांकडे पाहिले.

“गळा चांगला आहे. पण शेवटच्या कडव्यात श्वास चोरते.” त्यांनी टाळ ठेवावेत तसे दोन्ही हात मांडीवर ठेवले. “हिला गुरुवारी माझ्याकडे पाठवा.”

सुमनवहिनींनी पेटीचा भाता हलकेच मिटला.

“पाठवते, अक्का,” मी म्हटले.